कॅमेरा हाती घेण्याआधी



मध्यंतरी वस्तीतल्या बैठकीत एक बाई नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलल्या. आमच्या कार्यकर्तीनं ते मोबाईलवर चित्रित केलं, त्यांना विचारूनच. दोन दिवसांनी बाई आल्या. "ताई, हे कुणाकुणाच्या फोनवर गेलंय?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून टीव्ही-व्हिडिओविषयी जे मिळेल ते वाचते आहे. त्यातलं थोडं तुम्हीही वाचावं, म्हणून हे लिहिणं.

सुरुवात पूर्णिमा मानकेकर यांच्या 'स्क्रीनिंग कल्चर, व्ह्यूइंग पॉलिटिक्स' (१९९९) या पुस्तकापासून करा. दिल्लीतल्या कनिष्ठ मध्यमवर्गीय आणि कामगार घरांत बायकांबरोबर दूरदर्शन बघत त्यांनी हा अभ्यास केला. 'महाभारत' मालिकेतलं द्रौपदीचं वस्त्रहरण बघून बायका काय बोलल्या, ते प्रकरण गटात मोठ्यानं वाचावं असं आहे. त्या प्रसंगात बायकांना स्वतःची असुरक्षितता दिसली आणि द्रौपदीचा संतापही आपलासा वाटला. मालिका बघणाऱ्या बायकांना अक्कल नसते, असं शिबिरांतून आपणही किती सहज बोलून जातो!

रेमंड विल्यम्स यांचं 'टेलिव्हिजन' (१९७४) जरा जड आहे. यंत्र आपोआप समाज बदलत नाही, ते कोण आणि कशासाठी आणतं ते बघा, एवढा मुद्दा हाती लागला तरी पुरे.

व्हिडिओ-कला म्हटलं की 'ते कलादालनवाल्यांचं' असं वाटतं. पण मार्था रोस्लर यांची १९७५ची 'सेमिऑटिक्स ऑफ द किचन' ही जेमतेम सहा मिनिटांची फीत मिळवून बघाच. टीव्हीवरच्या पाककृतींच्या कार्यक्रमासारखी एक बाई ओट्याशी उभी राहून इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं एकेक वस्तू दाखवते, आणि बघता बघता काटा-सुरी हवेत भोसकू लागते. याच रोस्लरबाईंचा 'इल्युमिनेटिंग व्हिडिओ' (१९९०) या संग्रहातला लेखही वाचा. संग्रहालयांनी व्हिडिओला जवळ केलं, तेव्हा त्यातल्या सामाजिक टीकेचं काय झालं, ते त्या परखडपणे मांडतात.

हे वाचताना मला अहमदाबादच्या 'सेवा'ची आठवण होत राहिली. तिथं १९८४ साली कष्टकरी बायका व्हिडिओ शिकल्या. अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कॅमेरा त्यांनी स्वतः चालवला.

ही सगळी पुस्तकं इंग्रजीत आहेत, ही मोठीच अडचण. एकीनं वाचून बाकीच्यांना सांगावं. आम्ही तसंच करतो आहोत. आणि चित्रण झाल्यावर ते आधी त्या बाईला दाखवून, कुणाला दाखवायचं हे तिलाच पुन्हा विचारतो. त्या बाईंचं चित्रण आम्ही आमच्या फोनवरून पुसलं. इतरांच्या फोनवरचं अजून शोधतो आहोत.