संक्रांतीचा खेळ सगळ्यांचा

हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांची पोरं-पोरी दत्तक गावात मुक्कामाला जातात. राष्ट्रीय सेवा योजनेचं हे सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. प्रभातफेरी, श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री पथनाट्य असा दिनक्रम ठरलेला. बंधारा होतो, शोषखड्डे होतात. संक्रांतीच्या सुमारास शिबिर आलं, तर त्यातली एक दुपार गावाच्या खेळजत्रेसाठी राखायलाच हवी.

याचं मोठं कारण बायका. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालतं, वाणं लुटली जातात आणि विधवा बाई मात्र घरातच बसते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. पण ठराव कागदावर झाला तरी हळदीकुंकवाच्या बैठकीत पाऊल टाकायला धीर लागतो. रस्सीखेच किंवा लगोरीसाठी कुणाच्या कपाळाकडे पाहायचं कारणच नसतं. चार जणी कमी पडल्या की हाक जाते, ‘ये गं, आमच्याकडून खेळ!’ अशी हाक कानी पडायला काही बायकांना लग्नानंतर वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते.

मात्र पुष्कळदा विद्यार्थी शहरातून संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा घेऊन येतात. गाव कडेला उभं राहून टाळ्या वाजवतं आणि बक्षिसं पोरं नेतात. हे बदललं पाहिजे. आट्यापाट्यांच्या पाट्या कशा आखायच्या, विटी कशी कोलायची, फुगडीत पाय कुठे रोवायचे, हे गावातल्या जुन्या माणसांना विचारावं. त्यांनी शिकवावं, पोरांनी हरावं.

वेळही बायकांनाच विचारून ठरवावी. कापूस वेचणीला गेलेली बाई दुपारी दोनला मोकळी नसते. बचत गटाच्या बैठकीत आधी एक फेरी मारली, तर हे सहज कळतं.

खेळांना साधनंही फार लागत नाहीत; खो-खोच घ्या. त्याचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच. या खेळाला लागतात दोन खांब, फक्की आणि सपाट जमीन.

म्हणून कार्यक्रम अधिकाऱ्यांना एक विनंती: यंदा श्रमदानाची एक सकाळ मैदानासाठी द्या. दगड वेचा, जमीन सपाट करा, दोन खांब पक्के रोवा आणि शिबिर उठल्यावर ते तिथेच राहू द्या.