गाणी उरली, संग्रह हरपला

बाजारात जे खपते तेच श्रेष्ठ, असे उघडपणे कोणी म्हणत नाही. परंतु वागताना मात्र बहुतेक सर्वजण तसेच मानतात. कलाकृतीचे मोल तिच्या पहिल्या काही महिन्यांतील मागणीवरून ठरते आणि एकदा ठरलेले हे मोल पुन्हा तपासून पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. 1989 साली आलेल्या ‘निवडुंग’ या मराठी चित्रपटाच्या गीतसंग्रहाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. नागपूरकरांनी तर ती अधिक आस्थेने ऐकावयास हवी.

या संग्रहाचे संगीतकार पंडित हृदयनाथ मंगेशकर. त्यातील ‘ती गेली तेव्हा’ आणि ‘घर थकलेले संन्यासी’ या रचना ग्रेस यांच्या, ‘केव्हातरी पहाटे’ ही गझल सुरेश भटांची आणि ‘तू तेव्हा तशी’ ही कविता आरती प्रभूंची. ग्रेस, म्हणजे माणिक गोडघाटे, हे नागपूरचे. ते येथेच मराठीचे प्राध्यापक होते. भट अमरावतीचे, परंतु 2003 साली त्यांनी अखेरचा श्वास घेतला तो नागपुरात. आरती प्रभू, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, कोकणातले; हा संग्रह निघाला तेव्हा त्यांच्या निधनाला तेरा वर्षे लोटली होती. एकमेकांशी मुळीच न जुळणाऱ्या प्रकृतीचे हे तीन कवी एका ध्वनिफितीत एकत्र आले आणि तरीही त्यांची मिळून एकच मनःस्थिती निर्माण झाली. या संग्रहाचे खरे यश तेच होय.

ही गाणी मैदानातील गर्दीसाठी नाहीत. दिवेलागणीला, खोलीचे दार लोटून, एकट्याने किंवा दोघातिघांनी ऐकावयाची ती आहेत. त्यांत वाद्यांचा गलबला नाही. शब्द पुढे आणि साथ मागे अशी त्यांची ठेवण आहे. उस्ताद अमीर खाँ यांच्या शिष्याला शोभावी अशी संथ बढत त्यांत आहे आणि चाली अशा अनपेक्षित वळणांच्या आहेत की ऐकताना सोप्या वाटाव्यात आणि गुणगुणू लागताच हातून निसटाव्यात. ‘केव्हातरी पहाटे’ या गझलेत आशा भोसले यांचा एरवी खेळकर म्हणून नावाजलेला आवाज स्वतःशीच बोलल्यासारखा होतो.

पाश्चात्त्य देशांत मोजक्या वादकांनी घरच्या दालनात वाजवावयाच्या संगीताची जुनी परंपरा आहे. तिचा स्पर्श तेथील लोकप्रिय गाण्यांनाही झाला. 1966 साली बीटल्सनी ‘एलेनॉर रिग्बी’ हे गाणे केवळ आठ तंतुवादकांच्या साथीने ध्वनिमुद्रित केले. त्याच मार्गाने गेलेल्या निक ड्रेक या इंग्रज गायकाच्या तिन्ही ध्वनिमुद्रिका त्याच्या हयातीत फारशा खपल्या नाहीत आणि 1974 साली वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो वारला. पुढे 1999 मध्ये त्याचे एक गाणे मोटारीच्या जाहिरातीत वाजले आणि मग लोक त्याच्या ध्वनिमुद्रिका शोधू लागले. सूर तेच होते. बदलला होता तो केवळ ते पोहोचविणारा वाहक.

अर्थशास्त्रात व्युत्पन्न मागणी अशी एक संज्ञा आहे. घरांची मागणी वाढली की विटांची वाढते; विटेला स्वतःची अशी मागणी नसते. चित्रपटगीतांचे असेच घडते. चित्रपट पडद्यावर आहे तोवर त्याच्या ध्वनिफितीला गिऱ्हाईक असते. तो उतरला की दुकानदार ती मागच्या फळीवर ढकलतो. ‘निवडुंग’ हा चित्रपट आज फार थोड्यांच्या स्मरणात आहे. गाणी मात्र आपल्या बळावर जगली. परंतु ती सुटी सुटी जगली. भ्रमणध्वनीवर एकेक गाणे ऐकण्याच्या आजच्या रीतीने ही ताटातूट पुरती झाली.

गाणी सर्वांना आवडतात, मग संग्रह उपेक्षित कसा, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर ‘ती गेली तेव्हा’ या एकाच गाण्यात मिळते. पावसाळा आला की ते प्रेमविरहाचे गाणे म्हणून हमखास वाजविले जाते. वस्तुतः ग्रेस यांच्या कवितेतील ती गेलेली स्त्री आई आहे. हे एकदा कळले की पावसाचा आणि त्या गाण्यातील सुरांचाही अर्थ पालटतो. गाणे कानांवर पडत राहिले. कविता मात्र पोहोचली नाही. लोकप्रियता आणि आकलन या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, याचा याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही.

या संग्रहावर आक्षेप घेता येणार नाहीत असे नाही. सलग ऐकताना त्यातील उदासी काहींना एकसुरी वाटेल. ग्रेस यांच्या शब्दांतील खडबडीत, कोड्यात टाकणारा भाग चालीच्या गोडव्याखाली झाकला जातो, हेही काही अंशी खरे आहे. परंतु ग्रेस म्हणजे दुर्बोध, असे परीक्षेपुरते पाठ करून मोकळ्या होणाऱ्या विद्यार्थ्याला त्या कवितेच्या उंबरठ्यापर्यंत हीच चाल आणून सोडते. आत शिरावयाचे की नाही, हे त्याने ठरवावे.

रेशीमबागेत सुरेश भटांच्या नावाचे भव्य सभागृह उभे आहे. नाव देणे हा गौरव खरा; पण कवीचा खरा गौरव त्याचा शब्द त्याच्या नावानिशी कानांवर पडण्यात असतो. गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक या तिघांचीही नावे सांगण्याची आकाशवाणीची जुनी शिस्त याच जाणिवेतून आली होती. ती प्रत्येक वाहिनीने पाळावी. महाविद्यालयांतील मराठीच्या वर्गात या कविता शिकविताना एक तास हा संग्रह क्रमाने, मध्ये न बोलता ऐकविला जावा. त्यासाठी अनुदान लागत नाही, ठराव लागत नाही. लागतो तो केवळ एक तास. गाणे आज जवळजवळ फुकट मिळते. दुर्मीळ झाले आहे ते अवधान. ज्या शहरात ग्रेस वावरले आणि भट विसावले, त्या शहराने तेवढे तरी द्यावे.