चोराच्या उलट्या फ्लॉप्या

आमचे साडू अकोल्याला असतात आणि अत्यंत सचोटीनं असतात. भाजीवालीनं दोन रुपये जास्त परत दिले म्हणून ते एकदा भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, अर्धा मैल चालत परत गेले होते. अकोल्याचा मे ज्यानं काढला आहे त्याला या सत्यनिष्ठेची किंमत कळेल. (भाजीवाली तोवर घरी गेली होती. तिला अक्कल होती.) असा माणूस ऐन दिवाळीत आपल्या घरी येऊन, आपल्याच चिवड्याचा बकाणा भरून, आपल्या मुलासमोर, "तुम्ही चोरी करता आहात, भाऊसाहेब," असं म्हणाला तर काय करावं? बायकोनं त्यांना आणखी चिवडा वाढला. माहेरच्या माणसांचं असंच असतं.

झालं होतं असं, की दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून चपलांचं एक खोकं निघालं आणि त्यात चपलांऐवजी फ्लॉप्या निघाल्या. १९९५ साली मी अमरावतीला बी.कॉम. करता करता एका कॉम्प्युटर क्लासला जात होतो. फी भरली होती लोटस आणि वर्डस्टारची. शिकलो प्रिन्स ऑफ पर्शिया. सर जेवायला गेले की आमच्या अख्ख्या बॅचचा एकच राजपुत्र त्या काळ्या पडद्यावर धावायचा. साठ मिनिटांत राजकन्या सोडवायची. सरांचं जेवण वीस मिनिटांत व्हायचं, त्यामुळे आमची राजकन्या पदवी मिळेपर्यंत कैदेतच होती.

या गेममध्ये चोरांसाठी एक खास खोली होती. पहिल्या पहिल्या टप्प्यांतच राजपुत्र एका दालनात येई. तिथं अक्षरं लिहिलेल्या बाटल्या मांडलेल्या, आणि खाली प्रश्न: पुस्तिकेच्या अमुक पानावर, तमुक ओळीत, इतक्याव्या शब्दाचं पहिलं अक्षर कोणतं? ज्यानं गेम विकत घेतला त्याच्याकडे पुस्तिका. आमच्याकडे कुठली? चुकीची बाटली प्याली की निम्मा जीव जायचा. अशा कित्येक राजपुत्रांचे बळी देऊन आम्ही त्या अक्षरांचा एक तक्ता तयार केला होता. माझ्या अकौंटन्सीच्या वहीत इतकं नेटकं पान दुसरं नव्हतं.

आता एक कबुली आधीच देऊन टाकतो, म्हणजे साडूंना पुढं बोलायला जागा राहणार नाही. १९९५ साली आम्ही केली ती चोरीच होती. गेम तेव्हा बाजारात होता, जॉर्डन मेकनर नावाच्या माणसानं तो काही वर्षं खपून केला होता, आणि आमच्यामुळे त्याला एक पैसा मिळाला नाही. 'आम्हांला परवडत नव्हता' हे खरं असलं तरी ते कारण मी रोज काउंटरवर ऐकतो आणि कर्जदाराला ते लागू पडत नाही असंही रोज सांगतो.

पण भांडण आजच्या प्रतीचं आहे. माळ्यावरची फ्लॉपी घेऊन मी अकोल्याला गेलो, कारण तिथल्या एका दुरुस्तीवाल्याकडे अजून तो ड्राइव्ह आहे असं कळलं होतं. त्यानं ती घातली. आतून रहाटाला तेल नसल्यासारखा आवाज आला. "काही नाई उरलं याच्यात, राजेहो," तो म्हणाला. "बुरशी लागली. आन् हे कायले पाह्यजे तुमाले आता?" मग तीन रात्री मी इंटरनेटवर गेम विकत मिळतो का ते शोधलं. खिशात पैसे घेऊन शोधलं. त्याच नावाचे नवे गेम दिसले. आमचा तो जुना, १९८९ सालचा, विकायला काढलेला मला कुठं सापडला नाही. शेवटी तो मिळाला मूर्तिजापूरच्या एका वर्गमित्राकडे. त्यानं १९९५ साली माझ्याच फ्लॉपीवरून नक्कल केली होती. मग फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर. चोराकडून चोरलेला माल तीस वर्षांनी चोराला साभार परत.

साडूंचा मुद्दा साधा आहे. "मालकानं घराला कुलूप लावलं म्हणून आपण आत राहायला जायचं का?" मुद्दा वजनदार आहे, पण घराचा आहे. मी आत राहायला गेलो तर मालकाला परत येऊन राहता येत नाही. गेमची नक्कल केली तर मालकाचा गेम मालकाकडेच राहतो, फक्त तो विकत नाही आणि मी खेळतो. त्याचं नुकसान किती झालं, हे मला कोणी जमाखर्चात मांडून दाखवावं. नावे बाजूला लिहायला रक्कमच सापडत नाही.

कायदा मात्र साडूंच्या बाजूनं आहे, हे कबूल. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यात मोडतो. म्हणजे आमचा राजपुत्र हे साहित्य! आणि साहित्यावरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. एखाद्या पोरानं पंचविसाव्या वर्षी गेम लिहिला आणि देवानं त्याला ऐंशी वर्षं आयुष्य दिलं, तर एकशे पंधरा वर्षं त्याला हात लावायचा नाही. माझी फ्लॉपी तिसाव्या वर्षी गेली. कायद्यानं राखणदार ठेवला, पण धान्य उंदरांना खाऊ दिलं, असला हा प्रकार. सुरक्षेसाठी जादा प्रत काढायची मुभा त्यात आहे, पण ज्याच्याकडे रीतसर माल आहे त्यालाच. मालक पुन्हा प्रकाशित करायला नकार देत असेल तर कलम ३१ खाली परवान्यासाठी अर्जही करता येतो. कल्पना करा, मी न्यायमूर्तींपुढं उभा आहे आणि सांगतो आहे, राजकन्या अजून कैदेत आहे.

हे फक्त माझं दुखणं नाही. २०२३ साली अमेरिकेत एक पाहणी झाली. तिथं २०१० च्या आधी निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत असं निघालं. मग ग्रंथालयांनी परवानगी मागितली, की असे गेम अभ्यासकांना घरबसल्या पाहू द्या. २०२४ साली तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं ती नाकारली. गेमवाल्यांची भीती काय, तर लोक अभ्यासाच्या नावाखाली मजा करतील! आणि खुद्द मेकनरसाहेबांचं काय झालं? त्यांचा मूळ प्रोग्रॅम वर्षानुवर्षं त्यांनाच सापडत नव्हता. २०१२ साली त्यांच्या वडिलांनी कपाटातून फ्लॉप्यांचं खोकं शोधून पाठवलं, जाणकारांनी त्या कशाबशा वाचल्या, आणि या गृहस्थानं तो प्रोग्रॅम सगळ्यांना पाहायला खुला केला. वडील नीटनेटके नसते तर?

आमच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. म्हाइंभटांचं लीळाचरित्र तिथलं. मूळ प्रत धामधुमीत गेली आणि अनुयायांनी आठवून आठवून पुन्हा लिहिली, असं सांगतात. पुढं महानुभावांनी सकळ लिपीत पोथ्या लिहिल्या, परक्याला वाचता येऊ नयेत म्हणून. बाटल्यांची खोलीच ती. पण पोथ्या टिकल्या त्या कुलुपामुळे नव्हेत. कुणीतरी बसून त्यांच्या नकला केल्या, म्हणून टिकल्या.

माझी मागणी फार नाही. आमच्या बँकेत एखाद्या खात्याला दहा वर्षं कोणी हात लावला नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. खातेदार पुढं कधीही उगवला, तर त्याचे पैसे त्याला मिळतात. ठेव व्याजाची असेल तर व्याजासकट. तोवर ती लोकांच्या कामी येते. गेमलाही हाच नियम लावा. दहा वर्षं विकला नाही, तर लोकांना वापरू द्या. मालक जागा झाला, त्यानं दुकान उघडलं, की त्याचा हक्क त्याला. मी तर माझी प्रत पुसून पैसे भरीन असं मुलासमोर लिहून दिलं आहे. आणि जो इसम अशा नकला करून विकतो, त्याला माझ्याकडून सहानुभूती नाही. तो परक्याच्या ठेवीवर स्वतःची सही करणारा इसम आहे.

"ते काही असो," साडू म्हणाले. मग मी त्यांना त्यांच्याच दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटाची आठवण दिली. तिथं त्यांच्या वडिलांच्या आवडीचं एक जुनं पुस्तक आहे, स्पायरल बांधणीतलं, वाचनालयाची प्रत घेऊन आख्खं झेरॉक्स केलेलं.

"ते वेगळं आहे," साडू म्हणाले. "ते पुस्तक कुठं मिळतच नव्हतं."

खोलीत थोडा वेळ फक्त चिवड्याचा आवाज होता. मग त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढं ओढली आणि मुलाला विचारलं, "पळायचं कशानं?" दहा मिनिटांत ते बाटल्यांच्या खोलीत येऊन पोचले आणि घाईघाईत पहिली दिसली ती प्यायले. निम्मा जीव गेला.

"भाऊसाहेब," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "ती अकौंटन्सीची वही कुठं आहे हो?"