भाजलेल्या कुत्र्याला गोळी कोणती? चिठ्ठी हातात पडली की आधी विचारा

ऑगस्ट 2023 मध्ये मालाडच्या मालवणीत एका सोसायटीत झोपलेल्या कुत्र्यावर ॲसिड टाकलं गेलं. सीसीटीव्हीत सगळं दिसलं, गुन्हा दाखल झाला, एका महिलेला अटकही झाली. कुत्र्याचा डोळा गेला. चार दिवस बातम्या चालल्या. पुढं 2025 मध्ये भटक्या कुत्र्यांचा विषय सुप्रीम कोर्टात गाजला, तो चावण्याचा आणि कुत्री कुठं ठेवायची याचा. भाजलेल्या जनावराला औषध काय दिलं जातं, यावर मात्र कुणी बोलत नाही.

मला हा प्रश्न पडला तो बहिणीच्या फोनमुळं. ती बोरिवलीला राहते. तिच्या गल्लीतल्या कुत्र्याच्या पाठीवर वडापावच्या कढईतलं तेल सांडलं. पोरांनी रिक्षातून एका खासगी दवाखान्यात नेलं. रात्री तिनं चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. "दादा, तू गुरं सांभाळतोस, बघ जरा. दोन्ही गोळ्या दुखण्यावरच्याच आहेत असं मेडिकलवाला म्हणतो."

मी बारावी शिकलेला शेतकरी, डॉक्टर नाही. सकाळी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना चिठ्ठी दाखवली. एक गोळी मेलॉक्सिकॅम, दुसरी प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइड. ते म्हणाले, या दोन्ही एकत्र दिल्या तर कुत्र्याच्या पोटात जखम होऊन आतून रक्त जाऊ शकतं. शिवाय स्टेरॉइडनं जखम उशिरा भरते, पू होण्याचा धोका वाढतो.

दुसरी गोष्ट वजनाची. चिठ्ठीवर कुत्र्याचं वजनच नव्हतं. 15 किलोच्या कुत्र्याला मेलॉक्सिकॅम पहिल्या दिवशी साधारण 3 मिलीग्रॅम आणि नंतर रोज दीड मिलीग्रॅम लागतं. माणसांच्या दुकानात मिळणारी गोळी साडेसात किंवा 15 मिलीग्रॅमची. म्हणजे 15 ची अख्खी गोळी रोज दिली तर दहापट डोस झाला! बिचारं मुकं जनावर, पोटात आग पडली तरी सांगणार कुणाला.

बहीण चिठ्ठी घेऊन परत गेली. डॉक्टर आधी चिडले, म्हणाले गुगलवर वाचून येता. मग वजन केलं, स्टेरॉइडवर काट मारली, डोस बदलून दिला. मला त्यांना दोष द्यायचा नाही, गर्दीत चूक होते. पण विचारलं नसतं तर?

आपल्या वाडा-विक्रमगडाकडं तर विचारायची सवयच नाही. एप्रिल-मेमध्ये राब भाजतो, वर राख थंड दिसते आणि खाली निखारा असतो. कुत्रं त्यातून पळालं की चारही पंजे भाजतात. मग कुणी हळद लावतं, कुणी टूथपेस्ट, कुणी गाडीचं जळकं ऑइल. कुत्रं ते चाटणार आणि तेच पोटात जाणार. घरात डोकेदुखीची गोळी असतेच, ती पोळीत घालून देतात. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकनं कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होते. पॅरासिटामॉल तर मांजराच्या जिवावर बेततं.

डायक्लोफिनॅकचं उदाहरण आपल्यासमोर आहे. वर्षानुवर्षं बैलाच्या दुखण्यावर हेच इंजेक्शन टोचलं. मेलेलं जनावर खाऊन गिधाडं संपली, तेव्हा कुठं 2006 मध्ये जनावरांसाठी बंदी आली. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच राहिल्या, म्हणून 2015 मध्ये बाटली 3 मिलीवर आणली. 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही जनावरांसाठी बंदी आली. म्हणजे सरकारनं चालू दिलेलं औषधसुद्धा कुणीतरी प्रश्न विचारल्यावरच तपासलं गेलं.

भाजल्यावर लगेच करायचं ते साधं आहे. नळाचं गार पाणी दहा ते वीस मिनिटं हळूहळू सोडायचं. बर्फ नको. ॲसिड असेल तर पाणी आणखी जास्त वेळ, त्यावर सोडा टाकायचा नाही. दुखणारं कुत्रं मालकालाही चावतं, तेव्हा गमछ्यानं तोंड सैल बांधा, पण धाप लागली असेल किंवा उलटी होत असेल तर बांधू नका. केसांखाली जखम दिसत नाही. चार-पाच दिवसांनी कातडी सुटते तेव्हा खरी किती आहे ते कळतं. डॉक्टर बहुतेक सिल्व्हर सल्फाडायझिन मलम देतात. ते चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर हवी, जुन्या प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापूनही होते. माशी बसू देऊ नका, अळ्या पडायला वेळ लागत नाही.

मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल आहे. आपल्याकडं फिरत्या पथकासाठी 1962 नंबर. काही दवाखान्यांत पशुधन पर्यवेक्षक असतात. जखम मोठी असेल तर डॉक्टरांनाच दाखवा. औषधाचं नाव काय, वजनाप्रमाणे डोस किती, आधीच्या गोळीसोबत चालेल का, एवढं तिथंच विचारा. शंका आली म्हणून गोळी मनानं बंद करू नका, फोन करा. काही औषधं एकदम सोडली तरी उलटतात.

मुद्दाम भाजणाऱ्याचं काय? 1960 च्या प्राणी क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड फक्त 10 ते 50 रुपये. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये मात्र जनावराला ठार किंवा अपंग केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तक्रार देताना हे कलम सांगा.

बोरिवलीचं कुत्रं आता खातंय. कडेनं जखम गुलाबी झालीय, एक कॉलर त्यानं फाडली, दुसरी पोरांनी केलीय. सोमवारी परत दाखवायला न्यायचंय.