मुलगा किती तासांत पोहोचेल?

पांढुर्णा-सौंसरकडील घरांत हल्ली कोणी वडीलधारे गेले की रडण्यापाठोपाठ एक हिशेब सुरू होतो. मुलगा अमेरिकेत आहे. त्याच्यासाठी थांबावे की नाही? तारेच्या काळी हा प्रश्न उद्भवतच नसे. तार हाती पडून परदेशातला मुलगा निघेपर्यंत सारे उरकलेले असे. 2013 साली तारसेवाही संपली. आता वार्ता क्षणात पोहोचते आणि मुलगा सांगतो, "चौदा तासांचे विमान आहे, थांबा." घरची माणसे त्या चौदा तासांवर विसंबून दाराकडे डोळे लावून बसतात.

हा आकडा खोटा नव्हे. न्यूयॉर्क ते मुंबई हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आणि विमानाचा वेग तासाला 900 च्या आसपास, भागाकार जुळतो. मात्र हे अंतर भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नये. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहावा. तो अरबस्तानावरून न जाता उत्तरेकडे, ध्रुवाच्या बाजूने कमान घेतो. शिवाय उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून येणारे विमान जाणाऱ्यापेक्षा लवकर पोहोचते. राजकारणाचाही वाटा असतोच. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा कित्येक उड्डाणांना वळसे पडले.

तिकिटावरील वेळा आणखी फसव्या. त्या ज्या त्या गावच्या असतात. हिवाळ्यात भारताचे घड्याळ न्यूयॉर्कच्या साडेदहा तास पुढे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. न्यूयॉर्कहून सोमवारी सकाळी 11 ला निघून मंगळवारी दुपारी 12 ला मुंबई, असे जानेवारीत लिहिले असेल तर वजाबाकी पंचवीस तासांची येते. त्यातून साडेदहा वगळले की प्रवास साडेचौदा तासांचा ठरतो.

आता उरलेला हिशेब. त्याच दिवशीचे तिकीट मिळाले असे धरू. घरून विमानतळ आणि तेथे तीन तास आधीची हजेरी. मुंबईत पारपत्र, सामान, नागपूरच्या विमानाची प्रतीक्षा. मग दीड तासाचे उड्डाण. राजधानी 1956 साली नागपूरहून भोपाळला गेली, 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी विमानासाठी आपले पाय नागपूरकडेच वळतात. तेथून सावनेरपर्यंत रस्ता एकच. पुढे एक फाटा सौंसरला जातो, दुसरा पांढुर्ण्याला. पांढुर्ण्याला दोन तास धरावेत, सौंसरला थोडे कमी. सारी बेरीज अठ्ठावीस-तीस तासांवर जाते. वाट दिल्लीवरून असेल तर डिसेंबर-जानेवारीतील धुक्याचे तास निराळे.

म्हणून मुलाला विमानाचे तास विचारूच नयेत. नागपूरला तो कोणत्या दिवशी, किती वाजता उतरतो, एवढेच विचारावे. तिकीट हाती असेल तर शीतपेटीची व्यवस्था करून अवश्य थांबावे. तिकिटाचाच पत्ता नसेल, तर घरात शोकाकुल म्हातारी आई उपाशी बसलेली असताना दोन-दोन दिवस ताटकळणे मला तरी उचित वाटत नाही. अग्नी पुतण्याने द्यावा, लेकीने द्यावा. दहाव्याला येण्यास मुलाला पुरेसा अवधी असतो.