२७ गावं आत की बाहेर? वाद घालून प्रश्न सुटतो की वेगळा विचार करून?

डोंबिवली पूर्वेचा मानपाडा रोड जिथे कल्याण-शीळ रस्त्याला मिळतो, त्या परिसरातली सोनारपाडा, सागाव, दावडी, पिसवली, गोळवली ही गावं एका जुन्या वादामुळे सतत बातम्यांत असतात. ही आणि आसपासची मिळून २७ गावं कल्याण-डोंबिवली महापालिकेत असावीत की नसावीत, हा तो वाद.

महापालिका १९८३ मध्ये स्थापन झाली तेव्हा ही गावं तिच्यात होती. २००२ मध्ये ती वगळली गेली. जून २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०२० मध्ये राज्य सरकारने त्यातली १८ गावं बाहेर काढून वेगळी नगरपरिषद करायचं ठरवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

म्हणजे सुमारे चार दशकांत उत्तर अनेकदा बदललं, पण प्रश्न तोच राहिला: आत की बाहेर? पाणी, मालमत्ता कर, रस्ते आणि अनधिकृत बांधकामं या तक्रारी मात्र हद्द कुठेही असली तरी सुटल्या नाहीत.

असं का होतं? याचं एक उत्तर आपण विचार कसा करतो, यात आहे.

वादाचं काम काय?

आपल्याकडे वादाचं शास्त्र जुनं आहे. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याचं खोडून काढायचं, ती वितंडा. 'वितंडवाद' हा शब्द त्यातूनच आला.

चांगला वाद दावा तपासतो. २०२० च्या प्रकरणात हेच दिसलं. गावं वगळण्याआधी कायद्याप्रमाणे महापालिकेशी सल्लामसलत झाली का, हा न्यायालयासमोरचा कळीचा मुद्दा होता. अशी चूक युक्तिवादातूनच पकडली जाते.

पण वादाला एक मर्यादा आहे. समोर ठेवलेल्या पर्यायांपैकी कोणता टिकतो, एवढंच तो सांगतो. तिसरा पर्याय शोधणं हे त्याचं काम नाही. निर्णय कायदेशीर आहे का, हे न्यायालय सांगू शकतं. दावडीत पाणी कुठून आणायचं, हे त्या खटल्यातून ठरत नाही.

सहा टोप्यांची पद्धत

नेमकी हीच तक्रार माल्टात जन्मलेले डॉक्टर आणि लेखक एडवर्ड डी बोनो यांनी आयुष्यभर केली. १९६७ मध्ये त्यांनी 'लॅटरल थिंकिंग' ही कल्पना मांडली आणि १९८५ मध्ये 'सहा टोप्यां'ची पद्धत. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं.

पद्धत सोपी आहे. बैठकीतल्या सगळ्यांनी एका वेळी एकाच रंगाची टोपी घालायची, म्हणजे एकाच दिशेने विचार करायचा. पांढरी टोपी माहितीची, लाल भावनांची, काळी धोक्यांची, पिवळी फायद्यांची, हिरवी नव्या कल्पनांची आणि निळी चर्चेला शिस्त लावणारी. त्यामुळे विरोध करणाऱ्यालाही काही वेळ फायदे शोधावे लागतात आणि समर्थन करणाऱ्याला धोके.

समजा, २७ गावांचा प्रश्न असा हाताळला. पांढऱ्या टोपीत कोणत्या गावाला कोणाकडून किती पाणी येतं, कर किती आणि त्या बदल्यात काय मिळतं, एवढंच टेबलावर येईल. लाल टोपीत गावपण जाण्याची भीती आणि कर भरूनही काही मिळत नाही हा राग मोकळेपणाने बोलता येईल. त्यासाठी पुरावा द्यावा लागणार नाही.

मग हिरवी टोपी. पाण्यासाठी महापालिकेची हद्द आडवी यायलाच हवी का? ठाणे, मीरा-भाईंदर आणि भिवंडी या वेगवेगळ्या महापालिकांना पाणी देणारी 'स्टेम' ही संयुक्त यंत्रणा याच जिल्ह्यात आहे. करवाढ प्रत्यक्ष मिळालेल्या सुविधांना जोडता येईल का? गावांसाठी खरे अधिकार असलेली प्रभाग समिती करता येईल का? तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद राज्यघटनेतच आहे.

हे पर्याय बरोबरच आहेत असं नाही. पण 'आत की बाहेर' या प्रश्नात ते दिसतच नाहीत.

मग वाद बंद करायचा का?

नाही. कारण या पद्धतींचीही दुसरी बाजू आहे. अमेरिकेतले जाहिरात व्यावसायिक अॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी 'ब्रेनस्टॉर्मिंग' लोकप्रिय केलं. त्याचा मुख्य नियम होता, टीका करायची नाही. १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं. चौघांनी एकत्र बसून काढलेल्या कल्पनांपेक्षा चौघांनी वेगवेगळं बसून काढलेल्या कल्पना जवळपास दुप्पट निघाल्या.

२००४ मध्ये मानसशास्त्रज्ञ चार्लन नेमेथ आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि फ्रान्समध्ये केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष आणखी रोचक होता. ज्या गटांना 'वाद घाला, टीकाही करा' असं सांगितलं होतं, त्यांनी 'टीका करू नका' सांगितलेल्या गटांपेक्षा जास्त कल्पना काढल्या. डी बोनो यांच्या पद्धतींवरही पुरेसा शास्त्रीय पुरावा नसल्याची टीका होत आली आहे.

शिवाय टोप्या घालून सत्तेचा प्रश्न सुटत नाही. जमीन, बांधकाम आणि मतं यांत ज्यांचं हित आहे, ते हिरव्या टोपीतही स्वतःच्याच सोयीची कल्पना मांडू शकतात. ती सोय उघडी पाडायला पुन्हा जाब विचारणाराच लागतो.

क्रम महत्त्वाचा

म्हणून खरा प्रश्न वाद की कल्पकता असा नाही. प्रश्न आधी काय, नंतर काय, हा आहे. आधी माहिती आणि पर्याय वाढवायचे, मग प्रत्येक पर्यायाला कठोर वादातून जाऊ द्यायचं: पैसे कोण देणार, कायद्यात बसतं का, नुकसान कोणाचं? २७ गावांच्या बाबतीत चर्चा बहुतेक वेळा दुसऱ्या टप्प्यापासूनच सुरू झाली.

सोशल मीडियावरचे पोलही याच चुकीत भर घालतात. 'गावं आत हवीत की बाहेर?' याला दोनच बटणं असतात. 'तुमच्या नळाला पाणी यावं म्हणून कोणी काय करायला हवं?' या प्रश्नाला दोन बटणं पुरत नाहीत. पण मानपाड्याच्या आसपास राहणाऱ्यांना उत्तर त्याच प्रश्नाचं हवं आहे.