पैसे सरकार देईल, खोली कोण देणार? स्वाधार योजना आणि आपली मुले

पुण्यात शिकायला आलेल्या आपल्या मुलाला खोली बघताना पहिला प्रश्न बजेटचा विचारला जात नाही. आधी आडनाव विचारतात. आडनावावरून अंदाज येत नसेल तर गाव, मग 'नॉनव्हेज खाता का?' आणि शेवटी 'फोन करून कळवतो'. तो फोन येत नाही. हे आम्ही नव्याने सांगत नाही, वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी ते भोगले आहे. सरकारची भाडेमदत या अनुभवाला कुठवर पुरते, एवढाच इथला मुद्दा आहे.

भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना जानेवारी 2017 च्या शासन निर्णयाने सुरू झाली. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या खात्यात भोजन, निवास आणि निर्वाहाची रक्कम थेट जमा करायची, अशी ती योजना. (1956 ला इतकी वर्षे झाली तरी सरकारी कागदावर आपण अजून 'नव'च आहोत.) मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांसाठी वर्षाला 60,000 रुपये ठरले: भोजन 32,000, निवास 20,000, निर्वाह 8,000. इतर महापालिका क्षेत्रांत 51,000, बाकी जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे आणि विद्यार्थी त्या शहराचा रहिवासी नसावा.

आता निवासाचे 20,000 शैक्षणिक वर्षाच्या दहा महिन्यांत वाटून बघा. महिन्याला 2,000 रुपये. पुण्यात एवढ्यात साधी कॉट बेसिसवर जागा मिळणेही अवघड, डिपॉझिट आणि एजंटचे कमिशन तर वेगळेच. त्यातून हप्ते उशिरा येतात ही नेहमीची तक्रार आहे. घरमालक मात्र जूनमध्येच पैसे मागतो. मधल्या महिन्यांचे भाडे गावाकडे आई-बाप मजुरीतून किंवा बचतगटाच्या कर्जातून भरतात.

अमेरिकेत याच कल्पनेची मोठी योजना आहे. 1974 च्या कायद्यातील 'सेक्शन 8' मधून वाढत गेलेल्या घरभाडे व्हाउचरवर आज वीस लाखांहून अधिक कुटुंबे राहतात. कुटुंबाने आपल्या उत्पन्नाच्या साधारण 30 टक्के भाडे भरायचे, उरलेले स्थानिक गृहनिर्माण संस्था थेट घरमालकाला देते. मदतीची मर्यादा त्या-त्या भागातील बाजारभावावरून ठरते आणि तो भाव दरवर्षी नव्याने काढला जातो. आपल्याकडे रक्कम शासन निर्णयात एकदा छापली की भाडे कितीही वाढो, ती आपोआप हलत नाही. पहिली मागणी इथे आहे: निवासाचा भाग शहराच्या प्रत्यक्ष भाड्याशी जोडा.

पण अमेरिकेचा दुसरा धडा जास्त कडू आहे. तिथेही पात्र कुटुंबांपैकी चारात एकालाच कशीबशी मदत मिळते, प्रतीक्षा यादीत वर्षे जातात. व्हाउचर हाती आले की ठरावीक मुदतीत घर शोधावे लागते. किमान 60 दिवस मिळतात, नाही सापडले तर ते परत जाते. आणि 'आम्ही व्हाउचरवाले घेत नाही' असे सांगून अनेक घरमालक दार लावतात. 1968 चा फेअर हाउसिंग कायदा वंशावरून घर नाकारायला बंदी करतो, पण व्हाउचरवरून नाकारायला करत नाही. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स अशा काही राज्यांनी ती पळवाट स्वतःच्या कायद्याने बंद केली.

आपल्याकडे तर मूळ दारच उघडे आहे. संविधानाचे कलम 15(2) दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते यांचे नाव घेते. खासगी घरमालकाचे घेत नाही. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातील भाडे-बाजाराचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच घरासाठी विचारणा करणाऱ्यांना जात आणि धर्मावरून वेगवेगळी उत्तरे मिळतात, हे त्यात नोंदवले आहे. 1917 मध्ये बडोद्याला बाबासाहेबांकडे कोलंबियाचे शिक्षण होते, संस्थानची नोकरी होती, भाड्याचे पैसेही होते. पारशी सरायीतून अकराव्या दिवशी त्यांना काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. पैसे नव्हते म्हणून नव्हे. त्यांच्याच नावाच्या योजनेत भेदभावाबद्दलचे एक कलम असायला हवे होते, असे आम्हाला वाटते.

मग अमेरिकेसारखे भाडे थेट घरमालकाच्या खात्यात द्यावे का? आमच्यातल्या काहींचे मत तसे आहे, हप्त्याची कटकट सुटेल म्हणून. आम्ही शेवटी विरोधात गेलो. योजनेच्या नावाने पैसे आले की मुलाची जात पहिल्याच महिन्यात घरमालकाच्या मोबाइलवर मेसेज होऊन येईल. पैसे मुलाच्याच खात्यात यावेत, फक्त पहिला हप्ता प्रवेशाबरोबर, डिपॉझिटसकट यावा.

अडचण कागदाचीही आहे. बाहेर राहत असल्याचा पुरावा म्हणून अर्जाला भाडेकरार लागतो आणि घरमालक तो लिहून द्यायला तयार नसतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. हे कलम मुलांना पाठ असले पाहिजे. भाडे रोख देऊ नका, खात्यातून द्या, म्हणजे नोंद राहते. वसतिगृहाचा अर्ज आधी करा, तिथे नंबर लागला नाही याचा कागद सांभाळून ठेवा.

आणि ज्यांनी शहरात घरे घेतली आहेत, त्या आपल्याच लोकांना एक विचारायचे आहे. तुमचा रिकामा फ्लॅट भाड्याने देताना एजंटला काय सांगता? 'फॅमिलीच पाहिजे, स्टुडंट नको' हे वाक्य आम्ही आपल्या वस्तीतही ऐकले आहे. येत्या जूनच्या आधी विहारात बसून अशा खोल्यांची यादी करता येईल का, ते कळवा.